रानाचा वाटा

माझी सून सोलांज गायला लागली की थांबायचं नाव घेत नाही. आवाज म्हणाल तर आमच्या देवाने, कोम्बाने, आमच्या सगळ्या वस्तीचा मिळून तिला एकटीलाच देऊन टाकलाय. खालून सुरू होतो, गळ्यातून उडी मारून वर जातो, तिथून पुन्हा खाली येतो आणि ऐकणारीच्या अंगावर काटा उभा राहतो. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. तोंडावर मी एवढंच म्हणायचे, की बाई गं, जरा श्वास घे, रानालाही काही म्हणायचं असेल.

आमच्या बाका लोकांच्या गाण्यात रानाचा वाटा असतो. शिकार घरी आली की मारणाऱ्याने आधी दुसऱ्यांची पानं भरायची, ही आमची रीत, आणि गाण्यालाही तीच. आम्ही बायका एकमेकींच्या आवाजात आवाज गुंफत जातो आणि एका ठिकाणी सगळ्याजणी एकदम तोडतो. तिथे रान बोलतं. कधी धनेशाचे पंख, कधी बेडूक, कधी पानावरून पानावर पडणारं पाणी. जे येईल ते येऊ द्यायचं, ते सरलं की त्याचंच टोक धरून गाणं पुढे उचलायचं. केव्हा उचलायचं ते पुढे गाणारीने ठरवायचं. आमच्यात पुढे गाणारी मी, लेम्बे. माझ्या आधी माझी आई होती.

सोलांज रस्त्याकडेच्या वस्तीत वाढली. तिथे दिवसभर लाकडाच्या लॉऱ्या जातात, आख्खं आख्खं झाड पाठीवर टाकून. लग्न होऊन ती आली आणि पहिल्यांदा आमच्यात गायला बसली, तेव्हा आम्ही रानाचा वाटा सोडला आणि ही आपली चालूच. माझी मैत्रीण केमा इतकी हसली की आडवी झाली. मी मात्र भडकले. म्हटलं, मिशनच्या शाळेत तुला फक्त नाव दिलं वाटतं, कान द्यायचे राहिले. त्यावर ती पोर शांतपणे म्हणाली, की आई, तिकडे आपण थांबलो की लॉरी गाणं खाऊन टाकते, म्हणून आम्ही थांबतच नाही. मला पटलं ते, खोटं कशाला बोलू. पण पटलं म्हणून टोमणे मारायचं सोडीन तर मी लेम्बे कसली.

आता माझ्या म्हाताऱ्याचं सांगते. त्याचं नाव मोसोलो. त्याच्या डोळ्यांवर मागची बरीच वर्षं साय धरत आलीय. आधी पाखरं दिसेनाशी झाली, मग माणसं. पण रानात त्याचं काही अडायचं नाही, कारण तो पायांनी आणि कानांनी चालतो. आमच्याकडच्या सावरीला बुंध्याशी भिंतीसारखी उंच मुळं असतात. त्यांच्यावर कुऱ्हाडीचा माथा हाणला की आवाज लांब लांब जातो, आणि प्रत्येक सावरीचा आवाज वेगळा. म्हातारा एका सावरीवरून दुसरीवर असा वाजवत वाजवत जायचा आणि तसाच परत यायचा. दोन ठोके म्हणजे मी इथे आहे. सगळे पुरुष तेच वाजवतात.

आणि आम्ही त्यांना पाण्याने उत्तर देतो. ओढ्यात कमरेइतकं उतरायचं, ओंजळ उलटी करून पाण्यावर अशी मारायची की हवा आत कोंडली पाहिजे, मग पाणी पोटातून बोलतं. धम्म. एकीचा धम्म, दुसरीचा टप्प, तिसरीचा हात नुसता पाण्यावरून ओढलेला. माणसं आत दूर गेली असली की सकाळी बायका ओढ्यात उतरतात आणि वाजवत गातात, म्हणजे घर कुठल्या अंगाला आहे ते त्यांना कळतं. गाणं चालू असेतो ते चालतात. आम्ही रानाचा वाटा सोडला की ते थांबून दोन ठोके देतात. त्यांचं उत्तरही रानाच्याच वाट्यात येतं, बेडकांच्या आणि पाखरांच्या बरोबरीने.

त्या मोसमात आम्ही रस्ता सोडून बरेच आत आलो होतो. माझा मुलगा न्दांगा आणि बाकीचे पुरुष शिकारीला पलीकडच्या मोठ्या नदीवर गेले होते. पानांच्या झोपड्यांत राहिलो आम्ही बायका, पोरी, आणि मोसोलो. एके दिवशी सकाळी उठून म्हातारा म्हणाला, मला मधाचा वास येतोय. त्या न चावणाऱ्या बारीक माश्यांचा मध, जो पडक्या खोडात जमिनीलगत मिळतो. मी म्हटलं, बायको समोर बसली तर तुला ती की टोपली ते कळत नाही, आणि माश्या शोधायला निघालाय. तो म्हणाला, टोपली बोलत नाही, त्यावरून कळतं. केमाला आणखी काय पाहिजे होतं, हसायला निमित्त. कुऱ्हाड खांद्याला, टोपली पाठीला, निघाला टेकाडाकडे गुणगुणत.

संध्याकाळी आला नाही. त्याची काळजी मी केली नाही, कारण वाटेत झोप आली की सावरीच्या दोन मुळांमध्ये पानं पसरून पडायची त्याची जुनी खोड होती. दुसऱ्या दिवशी उजाडलं ते धुकं घेऊनच. इतकं दाट, की समोरच्या झोपडीचा धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळेना. मी कंद भाजत बसले होते. सोलांज येऊन शेजारी बसली आणि काटकीने राख उकरत राहिली. गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही, म्हणून मी विचारलं, काय झालं.

ती म्हणाली, "आई, माहेराहून येताना मी पाहिलं. टेकाडाच्या मागे कंपनीने नवा रस्ता पाडलाय. तिकडच्या सावऱ्या आडव्या आहेत."

"सगळ्या?"

"मला दिसल्या तेवढ्या सगळ्या. बाबांना सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

सावऱ्या आडव्या म्हणजे म्हाताऱ्याची वाटच कुणी गुंडाळून नेली. वाजवायला जाईल तर हाताला झाड लागणार नाही, आणि एक झाड चुकलं की पुढचं कुठल्या बाजूला तेही त्याला कळणार नाही. टेकाडाखाली तर दलदल, ताडांच्या बेटांची, जिथे डोळस माणूससुद्धा सकाळी शिरला तर संध्याकाळी तिथेच असतो. हातातला कंद विस्तवात पडला आणि जळून गेला, मला त्याचं भानच नव्हतं.

सोलांज म्हणाली, आपण शोधायला जाऊ, चारी बाजूंना ओरडत. केमाने तिला गप्प केलं. रानात हरवलेल्या माणसासाठी घराने जागचं हलायचं नाही. आम्ही इकडून तिकडून हाका मारत हिंडलो असतो तर तो प्रत्येक हाकेला वळला असता आणि दलदलीत गेला असता. घराचा आवाज एकाच जागेवरून यायला पाहिजे. मी उठले. म्हटलं, पोरींनो, पाण्यात चला.

ओढ्यावर धुकं इतकं खाली उतरलं होतं की पाण्यात पाय टाकला तरी पाणी दिसेना, नुसतं थंड लागलं. आम्ही गोल करून उभ्या राहिलो. केमा माझ्या डावीकडे, सोलांज उजवीकडे, पोरी समोर. कमरेखाली आम्हांला अंगं नव्हती, आणि समोरच्या पोरींची तोंडंही दिसत-विरत होती. मी पहिला धम्म मारला आणि मोसोलोचंच गाणं उचललं.

ते गाणं त्याला तरणेपणी स्वप्नात मिळालेलं. स्वप्नात म्हणे पाणी उभं राहिलं आणि बाईसारखं चालत त्याच्याकडे आलं, आणि चालताना जो आवाज झाला तेच हे गाणं. उठल्या उठल्या तो धावत आमच्या झोपडीशी आला आणि ते मला देऊन गेला, कारण ते बायकांनी गायचं होतं. त्याला स्वतःला काही ते म्हणता यायचं नाही. त्यात शब्द नाहीत. नुसती पाण्याची चाल आहे, आणि मध्ये मध्ये रानाचा वाटा, इतर गाण्यांपेक्षा लांब. माझं लग्न त्या गाण्यानेच जमलं असं केमा अजून म्हणते.

आम्ही गायला लागलो. पाणी बोलायला लागलं. माझा आवाज केमाच्या आवाजाखाली गेला, पोरींचे बारीक आवाज वर उडाले, आणि त्या सगळ्यांवरून सोलांजचा आवाज धुक्यात चढत गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं हिचा गळा एवढा मोठा आहे, टेकाडापलीकडे पोचेल. मग वाटा सोडायची जागा आली. मी तोडलं, केमाने तोडलं, पोरींनी तोडलं, आणि ही आपली चालू.

मी तिच्या अंगावर पाणी उडवलं. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्या फेरीला ती थांबली, पण नाकातून हुंकार सुरूच. रडकुंडीला आली बिचारी. म्हणाली, आई, मी थांबवतेय गं, पण गळा ऐकत नाही. मला तिचा राग यायला पाहिजे होता, पण कीव आली. शेवटी केमा पाण्यातून फिरून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि वाटा आला की तिच्या दंडाला असा चिमटा काढायची, की सोलांजचा श्वासच अडकावा. पोरी तशा वेळीही खुदखुदल्या. पण उपाय लागू पडला. चिमट्याची गरज संपली आणि एका फेरीत आम्ही सगळ्याजणी एकदम तुटलो, स्वच्छ.

काय शांतता होती ती. धुक्याने सगळं आपल्या कुशीत घेऊन ठेवलं होतं. मी डोळे मिटले आणि कान त्या टेकाडाकडे लावले. किर्रर्र, किर्रर्र, झाडांवरचे किडे. बाकी काही नाही. मी वाट पाहिली, मग गाणं उचललं.

पुढच्या वाट्याला पुन्हा किडे. त्याच्या पुढच्यालाही. धुकं हळूहळू पिवळं होत गेलं, म्हणजे वर कुठेतरी ऊन आलं होतं. आमचे हात पाण्यात पांढरे पडून सुरकुतले. कोणी कोणाशी बोललं नाही, कारण गाणं चालू असताना बोलायचं नसतं. फेरी, वाटा, फेरी, वाटा. एका वेळेनंतर माझा आवाज माझ्या गळ्यातून निघतोय की पाण्यातून तेच मला समजेना. मी ओढ्याबरोबर खाली कुठेतरी वाहत चाललेय आणि केमा आणि सोलांज काठावरून मला हाक मारतायत, असं वाटायचं, आणि पुन्हा हात पाण्यावर पडला की मी तिथेच असायची. वाटा आला की मात्र खडबडून जागी. त्या एवढ्याशा जागेत मी आख्खा जीव ओतून ऐकत होते. आणि तिथे काही म्हणता काही नव्हतं.

मोसोलो नाही, असं माझ्या मनाने घेतलं. दलदलीत गेला. मधाचं निमित्त करून गेला आणि चिखलाने त्याला गिळलं. मला त्याचं हसणं आठवलं, मग त्याचे ते दुधाळ डोळे, आणि मग काही म्हणजे काही सुचेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते मी पुसलंही नाही. केमाने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. हसली! मला वाटलं, हिला वेड लागलं की काय.

पुढचा वाटा आला आणि तो रिकामेपणा मला सोसवेना. सगळ्याजणींनी तोडलं आणि मी नाही तोडलं. गातच राहिले. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं ते सगळं ओढ्यात गेलं. पुढच्या वाट्यालाही मी तेच केलं, मोठ्याने, घसा फाटेस्तोवर, कारण थांबले असते तर पुन्हा ते किर्रर्र ऐकावं लागलं असतं. केमाने गाणं सोडलं. पोरी घाबरून एकमेकींना बिलगल्या.

आणि सोलांजने आपला ओला हात माझ्या तोंडावर दाबला. सुनेने सासूच्या तोंडावर. असं कोणी केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, थांब ना. ते वाजवतायत."

मी तिचा हात झटकला. म्हटलं, कोण वाजवतंय?

"बाबा. केव्हापासून वाजवतायत. उभ्या झाडावर नाही, आडव्या खोडावर असणार, ओला आवाज आहे. पण दोन-दोन ठोके. तू मध्ये गायला लागलीस तर ते ऐकू कसे येतील?"

मी सगळ्यांची तोंडं पाहिली. पोरी माना हलवत होत्या. केमाही. मी केमाला म्हटलं, तू ऐकलंस? ती म्हणाली, अगं, माझेही कान म्हातारे झाले, मला उशिरा आलं, पण आलं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, सांगायचं काय त्यात, तू पुढे गाणारी, तुलाच आधी आलं असणार. तू रडायला लागलीस तेव्हा मला वाटलं, आनंदाने रडतेय.

बरोबरच होतं तिचं. उत्तर आलं म्हणून आम्ही कधी ओरडत नाही. माणूस काठावर येईपर्यंत गात राहायचं, हीच रीत. त्यांनी ठोके ऐकले, मी गात राहिले, म्हणजे मीही ऐकले असणार. दुसरं कोणाच्या डोक्यात येणारच कसं.

"मला फक्त किडे ऐकू येतायत," मी म्हटलं. "किती ओरडतायत मेले, त्यात ठोके बुडाले."

सोलांज हळू म्हणाली, "आई, किडे नाहीत. धुक्यात कुठले किडे? सकाळपासून एकही नाही."

मी ऐकलं. किर्रर्र. मी दोन्ही कानांत बोटं घातली. बोटं घातली तरी किर्रर्र तेवढंच. मागच्या पावसात मला मोठा ताप आला होता आणि दवाखान्यातल्या त्या कडू गोळ्या खाऊन मी उठले होते. उठले तेव्हापासून मला वाटत होतं, यंदा किडे फार आहेत. दिवसा किडे, पावसात किडे. मी म्हणायचेही, यंदा रान खुशीत आहे. तेव्हापासून प्रत्येक गाण्यात मी रानाचा वाटा सोडत होते, मान तिरकी करून ऐकत होते, आणि ऐकत होते माझ्याच डोक्यातला आवाज. रान काय बोलत होतं ते मला ठाऊकच नव्हतं. सुनेला म्हणत होते, तुला कान दिले नाहीत.

अशी लाज वाटली मला, की ते पाणी आणखी खोल असतं तर बरं झालं असतं. पण लाजायला वेळ नव्हता. म्हातारा तिकडे खोडाला टेकून उभा होता आणि आमचं गाणं थांबलेलं होतं.

"मी कुठे तोडायचं आणि कुठे उचलायचं, मला कसं कळेल?" मी विचारलं, आणि माझा आवाज लहान पोरीसारखा निघाला.

सोलांज पाण्यातून फिरली. माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी धम्म मारला, गाणं उचललं, आणि वाटा आला तेव्हा तोडलं. किर्रर्र, किर्रर्र. मग पाठीवर तिच्या बोटांनी दोनदा टकटक केलं. मोसोलो. जिवंत. मी पुन्हा गाणं उचललं.

पुढची सगळी सकाळ अशी गेली. आम्ही गायचो, थांबायचो, आणि माझा नवरा माझ्या पाठीवर वाजायचा. तो जवळ येत गेला तसं सोलांजचं बोट जोरात वाजायला लागलं, तिला कळत नसेल पण मला कळत होतं. मध्ये एकदा फार वेळ काहीच आलं नाही आणि माझी पाठ सगळी कान झाली. मग टकटक, डाव्या खांद्याकडे. दलदलीला वळसा घालून येत होता शहाणा.

धुकं विरलं, ऊन पाण्यावर उतरलं, आणि पलीकडच्या झुडपांतून छातीपर्यंत चिखलाने माखलेला माणूस बाहेर आला. टोपली नव्हती. कुऱ्हाड होती. मी गाणं सोडून पाण्यातून धडपडत गेले आणि त्याला धरलं. धरलं म्हणजे आधी मारलं, मग धरलं.

तो म्हणाला, "मध्येच दोन फेऱ्या मला जागाच दिली नाहीस. मी आपला उभा. म्हटलं, चिडलीय, काल टोपलीवरून बोललो म्हणून."

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. तसंच, एकदम. "लांबचं काही ऐकू येत नाही मला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पाऊस संपल्यापासून. टेकाडावरून वाजवलं की तू पुढचं गाणं चुकीच्या जागी उचलायचीस. मग मी जवळ येऊन वाजवायला लागलो."

मला आठवलं, पाऊस संपल्यापासून म्हातारा लवकर परत यायचा. मी त्याला आळशी झालास म्हणून किती बोलले होते. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"माझे डोळे गेले तेव्हा तू कुठे सांगितलंस? झोपडीपासून ओढ्यापर्यंतच्या वाटेवरची लाकडं तेवढी उचललीस. मला वाटलं, वाट सोपी झाली."

मी त्याच्या हातावरचा चिखल पुसायला लागले. मी, लेम्बे, टोमणा न मारता. केमाने काठावरून विचारलं, मध कुठाय, आणि म्हातारा म्हणाला, मध दलदलीने खाल्ला, तिचाही वाटा असतो. सगळे हसले. मीही हसले, त्याच्या चिखलात तोंड खुपसून.

न्दांगा आणि बाकीचे पुरुष अजून मोठ्या नदीवरच होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा ओढ्यात उतरलो. गोल झाला तेव्हा मी माझ्या जागेवरून सरकले आणि सोलांजला तिथे उभं केलं. ती मागे मागे व्हायला लागली. म्हणाली, आई, मला नाही जमणार, मला थांबता कुठे येतं? मी म्हटलं, काल आलं की. ती म्हणाली, आणि तू? मी म्हटलं, मी पाणी वाजवीन, आणि तुझ्या तोंडाकडे बघीन.

तिने गाणं उचललं. धुकं नव्हतं, सगळ्यांची तोंडं उन्हात स्वच्छ दिसत होती. वाटा आला आणि तिने तोडलं. मला वाटलं, लगेच उचलेल, रस्त्यावरचीच ती. पण ती थांबली. पोरी चुळबुळायला लागल्या, केमाने भुवई उडवली, तरी सोलांज थांबून होती. मान किंचित वर, ओठ उघडे, डोळे कुठेच नाहीत. काहीतरी येत होतं तिच्याकडे, लांबून, आणि ती ते पूर्ण येऊ देत होती. काय होतं, मी विचारलं नाही. तिचे ओठ हलले, आणि मी पाण्यावर हात मारला.